चार वाजता चार उंदीर : दोन मित्रांची विनोदी रहस्यकादंबरी कशी लिहावी

विनोदी रहस्यकादंबरी लिहायला बसणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक ठरलेली असते. ते आधी सरळ रहस्यकथा रचतात आणि मग पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसे तिच्यावर विनोद भुरभुरतात. विनोद चालू असताना कथा थांबलेली असते हे वाचकाच्या दोन-तीन प्रकरणांतच लक्षात येते आणि तो गमतीची पाने ओलांडून पुढे जाऊ लागतो. माझ्या पहिल्या खर्ड्याचे नेमके हेच झाले होते. तो बाजूला ठेवून पुन्हा लिहायला घेतल्यावर मला जे उमगले, ते असे : या प्रकारच्या कादंबरीत हसू आणि सुगावा एकाच ओळीत बसावे लागतात, आणि दोन मित्रांची कादंबरी असेल तर रहस्याची उकल त्यांच्या मैत्रीवाचून होऊच नये. ही दोन पथ्ये पाळायची कशी, ते माझ्याच खर्ड्याच्या आधाराने सांगतो, कारण हवेतल्या सूचनांचा लिहिताना फारसा उपयोग होत नाही.

कथा घडते ती कृष्णाकाठच्या वाईत, विश्वकोशाच्या गावात. घाटाजवळचा एक जुना वाडा पाडायचा आहे. वाड्याच्या मालकीणबाई माई सामान बाहेर काढून मुलाकडे राहायला निघाल्या आहेत आणि त्या गडबडीत त्यांचे लंबकाचे घड्याळ नाहीसे होते. शोध घेणारे दोघे आहेत. एक एसटीचा निवृत्त कंडक्टर, ज्याला सारे गाव ‘मास्तर’ म्हणते. दुसरा पेट्या दुरुस्त करणारा आणि सुरात लावून देणारा दत्तू. दोघे बिगरीपासूनचे मित्र आहेत, त्यामुळे त्यांचा सगळा व्यवहार अरे-तुरेचा आहे, आणि साठी उलटल्यावरही एकमेकांना ‘अहो’ म्हणण्याची वेळ फक्त भांडणात येते.

गुन्हा कोणता निवडावा

खून टाळावा, असे माझे मत आहे. विनोदी कादंबरीत प्रेत आणता येत नाही असे नाही, पण प्रेताच्या घरात शोक असतो, आणि त्या शोकाला वळसा घालून वाचकाला हसवणे हे फार तयारीच्या हाताचे काम आहे. नवख्याने चोरी घ्यावी, तीही बाजारात किरकोळ किमतीच्या वस्तूची. ती वस्तू एखाद्या माणसाला मात्र अनमोल वाटली पाहिजे. जगाच्या आणि त्या माणसाच्या हिशेबात जी तफावत पडते, तीच विनोदाची पहिली खाण होय.

किरकोळ चोरी घेण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. हौशी मंडळींनी तपास का करावा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक रहस्यकादंबरीला द्यावे लागते, आणि ‘पोलीस मूर्ख होते’ हे उत्तर आता शिळे झाले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने लेखकाची येथे मोठीच सोय केली आहे. कलम ३०३ प्रमाणे चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. अशा लहान चोरीचा गुन्हा अदखलपात्र मानला जातो, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. ठाण्यात एनसी नोंदवून घेतात आणि तक्रारदाराला घरी पाठवतात. माईंच्या घड्याळाला भंगारवाल्याने ३,५०० रुपये किंमत लावली होती आणि तक्रार लिहून देताना त्यांच्या भाच्याने प्रामाणिकपणे तीच लिहिली. माई संतापतात, हवालदार कायद्यावर बोट ठेवतात, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे प्रसंग आपोआप रंगतो. कोणालाही मूर्ख न ठरवता तपास मास्तर आणि दत्तूच्या गळ्यात पडतो.

एवढे ठरवून मी निश्चिंत झालो होतो, पण एका वकील मित्राने खर्डा वाचून माझी झोप उडवली. त्या खर्ड्यात घड्याळ दारात उभ्या असलेल्या टेम्पोतून नाहीसे होत होते. मालवाहू वाहनातून झालेली चोरी आणि राहत्या घरातून झालेली चोरी या दोन्हींना ३०५ हे वेगळे आणि कडक कलम आहे, मग वस्तू कितीही किरकोळ असो. वाड्यातून नको आणि टेम्पोतूनही नको, तर घड्याळ जायचे कोठून? शेवटी मी टेम्पोला पाऊण तास उशीर करवला. सामानाचा ढीग वाड्यासमोर रस्त्याच्या कडेला उघड्यावर पडलेला आणि गोधडीत गुंडाळलेले घड्याळ त्या ढिगातून गेलेले, असा बदल केला. हा उशीर पुढे इतका उपयोगी पडला, की तो मुळात कायद्याच्या सोयीसाठी घातला होता हे मीच विसरून गेलो. तपासून घेतलेला तपशील बहुधा असाच कथेला काहीतरी देऊन जातो.

शेवट आधी लिहावा

लेखणी उचलण्यापूर्वी खरा घटनाक्रम एका कागदावर लिहून काढावा : कोणी, कधी, कसे आणि मुख्य म्हणजे का. कादंबरीत तो वाचकाला तुकड्यातुकड्यांनी आणि उलटसुलट मिळणार असतो, पण लेखकाजवळ तो सलग असावा लागतो. ‘लिहिता लिहिता सुचेल’ म्हणणाऱ्यांना सहसा असा गुन्हेगार सुचतो, ज्याच्याबद्दल आधीच्या दीडशे पानांत एकही ओळ आलेली नसते.

माझा घटनाक्रम थोडक्यात असा. माईंच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक, म्हणजे आपले ‘गुरुजी’, एकटे राहतात. गेली चाळीस वर्षे ते भिंतीपलीकडच्या त्या घड्याळाच्या आवाजावर झोपत आले आहेत. घड्याळ गावाबाहेर जाणार हे कळल्यावर त्यांची झोपच उडते. सोमवारी सामानाच्या ढिगातून ते घड्याळ उचलतात, आपल्या भिंतीतल्या कपाटात खिळा ठोकून टांगतात, ठोके बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून आतल्या हातोडीला चिंधी बांधतात आणि त्या रात्री शांत झोपतात. विनोदी रहस्यातला हेतू असाच असावा. ऐकल्यावर हसू यावे आणि लगेच त्या माणसाची थोडी कणव वाटावी. वारसाहक्क, विम्याचे पैसे, जुना सूड हे हेतू खुनाच्या कादंबऱ्यांसाठी राखून ठेवावेत.

आता वस्तूची यंत्रणा नीट समजून घ्यावी, कारण सुगावे तिच्यातूनच निघतात. अशा घड्याळांना बहुधा आठ दिवसांची चावी असते. माई दर रविवारी चावी देत आणि चावी आपल्या कनवटीला ठेवत. लंबकाचे घड्याळ जागेवरून हलवायचे तर लंबक काढावा लागतो, आणि नव्या जागी ते सरळ टांगले गेले नाही तर टिक आणि टक यांमधले अंतर सारखे राहत नाही, चाल लंगडी होते. तासाला तासाइतके ठोके पडतात आणि पुष्कळ घड्याळांत अर्ध्या तासाला एक पडतो. हे चार तपशील मिळाल्यावर मला बाहेरून एकही सुगावा आणावा लागला नाही.

जोडी कशी घडवावी

विक्षिप्तपणा धंद्यातून यावा, असा माझा आग्रह आहे. एकाला सतत शिंका येतात आणि दुसरा सदैव लाल टोपी घालतो, अशा वरून चिकटवलेल्या लकबी तिसऱ्या प्रकरणात कंटाळवाण्या होतात. मास्तरने उभा जन्म वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशेबाचा तक्ता, भरण्यात घालवला आहे, म्हणून निवृत्तीनंतरही तो दिसेल ते वेळेसकट वहीत टिपतो आणि संभाषण संपले असे त्याला वाटले की ‘डबल बेल’ म्हणून उठतो. दत्तूचे आयुष्य सूर घासण्यात गेले आहे. कुकरची शिट्टी काळी चारात आहे की पांढरी पाचात, हे ठरल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. प्रत्येकाला एकच मूळ द्यावे आणि त्याच मुळातून दहा फांद्या फुटू द्याव्यात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या खोडीत त्या माणसाचे बळ आणि त्याचा आंधळेपणा दोन्ही असावेत. मास्तर सगळे टिपतो, पण टिपलेल्या गोष्टीचा अर्थ लावत नाही. नोंद झाली की त्याच्या लेखी विषय संपतो. दत्तूला ऐकू येणार नाही असा आवाज गावात नाही, पण वेळ आणि आकडा त्याच्या डोक्यात राहत नाही. म्हणजे दोघांपैकी कोणीही एकटा तपास पूर्ण करू शकणार नाही. एक हुशार आणि एक बावळट ही जोडी लिहायला सोपी असते, पण बावळट माणसाने निष्ठावंत असण्यात विशेष काही नाही, कारण त्याला दुसरा मार्गच नसतो. दोघेही आपापल्या परीने शहाणे असूनही एकमेकांना सोडत नाहीत, तेव्हा वाचक त्यांच्यात गुंततो.

विनोदात सुगावा कसा लपवावा

सगळ्यात जास्त मेहनत येथे घ्यावी. हसणारा वाचक त्या क्षणी बेसावध असतो. सुगावा गंभीर वाक्यात ठेवला तर सराईत वाचक तो तात्काळ खिशात टाकतो, पण तोच सुगावा एखाद्या पात्राच्या खोडीचा पुरावा म्हणून आला तर वाचक हसतो आणि पुढे जातो. माझ्या पहिल्या खर्ड्यातला प्रसंग असा होता :

‘गुरुजींच्या घरी चहा पिताना दत्तूला कपाटातून कसलासा आवाज ऐकू आला. गुरुजी जरा दचकले. मास्तरने त्यांच्याकडे संशयाने पाहिले.’

हे वाचून गुन्हेगार कोण हे सांगायला वाचकाला मास्तरची गरज उरत नाही. शिवाय यात हसण्यासारखेही काही नाही. दुसऱ्या खर्ड्यात तोच प्रसंग असा झाला :

‘दत्तूने बशी खाली ठेवली. “गुरुजी, राग मानू नका, पण तुमच्या घरात काहीतरी लंगड्या ठेक्यात चालले आहे.”

“मोरीतला नळ गळतो,” गुरुजी म्हणाले.

“नळ असा गळत नाही. नळाला लय असते.”

“अरे, पोहे खा,” मास्तर म्हणाला. “काल याला देवळातली घंटा चढी लागत होती.”

एवढ्यात कपाटाच्या दाराआड थप्प थप्प असे काहीतरी वाजले. गुरुजींनी उंदरांना मनापासून चार शिव्या घातल्या. मास्तरने वही काढून सवयीप्रमाणे नोंद केली : “दुपारी ४.०० : उंदीर ४.” पोह्यांची दुसरी बशी येईपर्यंत आणखी एक नोंद झाली : “४.३० : उंदीर १.”’

यात सगळे वाचकासमोर उघड मांडले आहे. लंगडा ठेका आहे, ठोक्यांची संख्या आहे, घड्याळी वेळसुद्धा आहे. पण दत्तूच्या बोलण्याकडे वाचक दत्तूची खोड म्हणून पाहतो आणि वहीतल्या नोंदीकडे मास्तरची. उंदीर मोजणारा माणूस ही कल्पनाच इतकी हास्यास्पद आहे, की मोजलेला आकडा कोणी पाहत नाही. ‘टिकटिक’ हा शब्द मी कटाक्षाने टाळला, कारण तो आला असता तर सगळे मुसळ केरात गेले असते.

तरीही एक धोका उरतो. घड्याळ शोधायला निघालेल्यांना ठेका ऐकू आल्यावर घड्याळ आठवणारच. म्हणून वाचकाच्या मनात आधीच एक चुकीचे गृहीतक रुजवून ठेवावे लागते. दुसऱ्या प्रकरणात मास्तर ठामपणे सांगतो, की चावी माईंच्या कनवटीला आहे, तेव्हा ते घड्याळ चोराच्या घरी नुसते लाकूड आहे. विधान पटण्यासारखे आहे, फक्त ते चुकीचे आहे. त्याच्या आधीच्याच पानावर माईंनी कौतुकाने सांगितलेले असते, की त्यांचे घड्याळ जावयापेक्षा बरे, रविवारी एकदा चावी दिली की आठवडाभर तक्रार नाही. चोरी सोमवारची आहे आणि पोह्यांचा प्रसंग गुरुवारचा. जावयाच्या विनोदावर हसलेल्या वाचकाने तो आठवडा मोजलेला नसतो.

वाचकाशी प्रामाणिक राहण्याचा प्रश्न येथे येतोच. इंग्रज लेखक आणि धर्मोपदेशक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. त्यांतला एक सांगतो, की गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक सुगावा वाचकालाही त्याच वेळी दिसला पाहिजे. दुसरा सांगतो, की गुप्तहेराच्या मित्राने मनातला कोणताही विचार वाचकापासून लपवू नये आणि त्याची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी. पहिला नियम मी डोळे मिटून पाळतो. दुसऱ्याचा अर्धा भाग या जोडीला लागू होत नाही, कारण येथे दोघेही गुप्तहेर आहेत आणि दोघेही मित्रच आहेत.

मैत्रीची परीक्षा

कादंबरीच्या साधारण दोन-तृतीयांशावर मित्रांमध्ये दुरावा आणावा, आणि तो त्यांच्या खोडींमुळेच आणावा. चोरीच्या संध्याकाळची मास्तरची नोंद अशी आहे : ‘६.४० : दत्तू, घाटाकडून, घाईत, काखेत कापडात गुंडाळलेली मोठी वस्तू.’ ती वस्तू म्हणजे पेटी आहे. ज्या ड्रायव्हरशी मास्तर अकरा वर्षे बोललेला नाही, त्याच्याच घरची पेटी दत्तूने गुपचूप लावायला घेतली आहे. मास्तर दुखावेल म्हणून दत्तू खरे सांगत नाही, आणि भाच्याच्या संशयाची सुई त्याच्यावर येते. मास्तर मात्र कोंडीत सापडतो. हयातीत वेबिलात खाडाखोड न केलेला माणूस ते पान फाडू शकत नाही, आणि ते पान भाच्याला दाखवूही शकत नाही.

निष्ठा कशी दाखवावी, याचे उत्तर अशा कोंडीतूनच मिळते. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ असे संवाद लिहू नयेत. निष्ठा पात्राच्या स्वभावाला महागात पडणाऱ्या कृतीतून दिसते. माझा मास्तर पान फाडत नाही आणि काही विचारतही नाही. तो सगळी वही दत्तूच्या दुकानात ठेवून निघून जातो आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन दिवस काहीही टिपत नाही. भांडण होते, दोघे ‘अहो-जाहो’वर येतात, आणि ठेका एकाकडे व आकडा दुसऱ्याकडे असा सुगाव्याचाही दुभंग होतो. रुसलेला दत्तू वही चाळताना उंदरांच्या नोंदीपाशी येतो, दोन बोटांनी लाकडी बाकावर तो लंगडा ठेका धरतो, आणि चप्पल न घालता मास्तरच्या घराकडे धावत सुटतो. वही दत्तूच्या हातात आलीच नसती तर रहस्य सुटले नसते. समेट आणि उकल ही दोन वेगळी प्रकरणे झाली, तर कादंबरी कोठेतरी शिवणीत उसवली आहे असे समजावे.

उकलीचा प्रसंग सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून भाषण देण्याचा असू नये. त्याऐवजी सापळा रचावा, त्यात हालचाल असते. आठवडा संपत आला आहे, घड्याळ थांबणार आहे आणि गुरुजींना चावी हवी आहे, म्हणून दोघे मित्र माईंची चावी गुरुजींच्या नजरेस पडेल अशी वाड्याच्या ओट्यावर विसरतात. पुढचे सांगायला नको. कायद्याचा एक धागा मात्र येथे उपयोगी पडतो : पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, तर शेजाऱ्यापाजाऱ्यासमोर दिलेली कबुली न्यायालय जपून का होईना, विचारात घेऊ शकते. म्हणून हवालदार दारातच थांबतात आणि मास्तरला सांगतात, ‘आधी तुम्ही आत जा, मी विडी ओढतो.’

भाषा आणि तपासणी

दोघांच्या भाषेत अंतर ठेवावे. मास्तरची वही कार्यालयीन मराठीत चालते, तिच्यात क्रियापदे कमी आणि आकडे जास्त असतात. दत्तू बोलतो ते तालासुरात, आणि रागावला की अर्धे वाक्य सोडून देतो. नाव झाकून संवाद वाचला तरी बोलणारा ओळखू आला पाहिजे. प्रादेशिक लहेजा वापरायचा असेल तर तो कानाने ऐकलेला असावा. वाईच्या माणसाच्या तोंडी कोल्हापूरची बोली घालून विनोद होत नाही, वाईकर मात्र नाराज होतात.

खर्डा पुरा झाला की प्रत्येक विनोदाला विचारावे, की तू गेलास तर कथेचे काय अडेल? काहीच अडत नसेल तर तो काढावा. मी अशी साधारण तीस पाने काढली आणि त्यांपैकी दोन विनोदांसाठी अजून हळहळतो. त्यानंतर तीन वाचकांना उकलीच्या आधीपर्यंतचीच पाने द्यावीत. जेथे हसू आले तेथे एक खूण आणि जेथे संशय आला तेथे दुसरी खूण करायला सांगावे. दोन्ही खुणा एकाच ओळीवर पडल्या तर सुगावा नीट झाकलेला नाही. एकाही वाचकाला गुन्हेगाराचा अंदाज आला नाही तर तो जरुरीपेक्षा जास्त झाकला आहे. तिघांपैकी एकाला, तेही शेवटी शेवटी, अंदाज यावा, हे प्रमाण मला मानवते.

माझ्या तिघांपैकी आत्याने पोह्यांच्या प्रसंगावरच पेन्सिल थांबवली आणि विचारले, ‘चार वाजता चार, साडेचारला एक, पाच वाजता पाच. हे उंदीर शाळेत जातात का?’ त्याच रात्री मी पाच वाजताची नोंद काढून टाकली आणि दोघा मित्रांना पावणेपाचलाच गुरुजींच्या घरून बाहेर काढले.